पाणी तुंबणारच आहे, कुठे तुंबवायचं ते आधी ठरवा

कुठल्याही शहरात दोन तास बदाबद पाऊस पडला आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की दुसऱ्या दिवशीचा वाद ठरलेला असतो. एक गट म्हणतो ड्रेनेज लाइन जुन्या झाल्यात, मोठे पाइप टाका, पंप वाढवा, जमिनीखालून बोगदा काढा. दुसरा म्हणतो सगळीकडे काँक्रीट ओतून ठेवलंय, पाणी मुरणार कुठे, झाडं लावा, तळी वाचवा, शहराचा स्पंज करा. मग पाइपवाले झाडवाल्यांना भाबडे म्हणतात, झाडवाले पाइपवाल्यांना कंत्राटदारांचे दलाल म्हणतात, तोवर पाणी ओसरतं आणि ये रे माझ्या मागल्या. माझी तक्रार दोघांबद्दलही आहे, आणि ती एकच आहे. दोघांनीही मनातल्या मनात धरून ठेवलंय की काम नीट केलं तर पाणी तुंबणारच नाही. ते तुंबणार आहे. कितीही पाइप टाका, कितीही झाडं लावा, एक पाऊस असा येणारच जो दोन्हींच्या हाताबाहेरचा असेल, आणि हवामान बदलामुळे तो आता लवकर-लवकर येतोय. त्या दिवशी जास्तीचं पाणी कुठे उभं राहणार हे शहराने आधी, कागदावर, जागेच्या नावासकट ठरवलं पाहिजे. आपण नाही ठरवलं तर उतार ठरवतो, आणि उताराला तळघरं फार आवडतात.

आधी पाइपचा हिशोब बघू, कारण तो लोकांना कुणी सांगतच नाही. प्रत्येक गटार, प्रत्येक नाला एका ठरावीक पावसासाठी बांधलेला असतो, इतके मिलिमीटर तासाला, त्याच्यावर नाही. न्यूयॉर्कची गटारं साधारण ४४ मिलिमीटर तासाला या हिशोबाने आखलेली आहेत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या शेपटाने सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस टाकला. आता तिथे कुणी कितीही नालेसफाई केली असती, सगळे अधिकारी देवमाणसं असती, तरी निम्म्याच्या आसपास पाणी रस्त्यावरच राहणार होतं. मुंबईत जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटरची, ती ५० वर न्यायचं ठरलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक काही तासांतच. याचा अर्थ २५ चे ५० करू नयेत असा अजिबात नाही, जरूर करा, पण ५० केल्यावर ५१ व्या मिलिमीटरचं काय करायचं हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

आणि "दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस" ही भाषा तर फारच फसवी आहे. ऐकणाऱ्याला वाटतं एकदा येऊन गेला, आता नऊ वर्षं निवांत. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी दहा टक्के शक्यता, म्हणजे दहा वर्षांत तो निदान एकदा तरी येण्याची शक्यता ६५ टक्के, आणि लागोपाठ दोन वर्षं आला तरी गणित चुकलं असं कुणी म्हणू शकत नाही. त्यात हा हिशोब मागच्या पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून काढलेला. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, त्यामुळे कोसळणारा पाऊस आणखी जोरात कोसळतो. म्हणजे पाइप टाकताना जो दहा वर्षांचा पाऊस होता तो पाइप गंजायच्या आत पाच वर्षांचा होऊन बसतो की काय, ही भीती काही उगाच नाही.

तरी पाइपवाल्यांच्या बाजूने बोलायला बरंच आहे आणि ते झाडवाले कधी मान्य करत नाहीत. भरून वाहणाऱ्या पाइपचा व्यास दुप्पट केला, उतार तोच ठेवला, तर त्यातून पाणी दुप्पट नाही, सहापटीहून जास्त जातं. इतका फायदा दुसऱ्या कुठल्या उपायात सहज मिळत नाही. दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत तळं खोदायला जागा आणणार कुठून, तिथे जमिनीखालीच जावं लागतं. शिवाय इतिहास त्यांच्या बाजूने आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली, त्यानंतर बॅझलगेट या इंजिनिअरने जी भुयारी गटारं बांधली त्यांनी कॉलरा हटवला आणि ती गटारं आजही वापरात आहेत. तेव्हा एखादा म्हणाला असता की गटारं कशाला, नदीकाठी झाडं लावा, तर त्याला वेड्यातच काढलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

पण तीच लंडनची गोष्ट पुढे वाचायची असते, लोक अर्ध्यावरच सोडतात. बॅझलगेटच्या गटारात मैला आणि पावसाचं पाणी एकत्रच वाहतं. शहर वाढलं, अंगणं फरसबंद झाली, छतं वाढली, आणि पुढे पुढे थोडा जास्त पाऊस झाला तरी गटार भरून मैल्यासकट नदीत सुटायला लागलं. त्यासाठी आता २५ किलोमीटरचा नवा बोगदा नदीखालून काढावा लागला, तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला. शिकागोने १९७५ मध्ये खोल बोगद्यांचं काम काढलं, बोगदे पूर्ण व्हायला २००६ उजाडलं, आणि त्यांना जोडलेल्या साठवण तलावांचं काम त्यानंतरही चालूच राहिलं. मोठा बोगदा म्हणजे तीस-चाळीस वर्षांची कमिटमेंट असते, आणि तेवढ्या वर्षांत शहर त्याच्या डोक्यावर आणखी काँक्रीट ओतून मोकळं होतं.

दुसरी गोष्ट, पाइप कितीही मोठा असो, पाणी त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे ना. रस्त्याच्या कडेची जाळी बघा कधी जोराच्या पावसात. पाल्याचा एक थर, त्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली, त्यावर वाळू, आणि त्याच्यावरून पाणी सरळ पुढे वाहत जातं, खाली पाइप अर्धा रिकामा. किंवा उलटं, पाइप ठणठणीत आहे पण त्याचं तोंड जिथे नदीत किंवा समुद्रात उघडतं तिथे पाण्याची पातळी वर आलीय, भरतीची वेळ आहे, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत येतंय. अशा वेळी व्यासाचं सहापट गणित काय उपयोगाचं? समुद्राची पातळी वाढतेय म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या शहरांना हा त्रास वाढतच जाणार. तुंबतंय एकीकडे आणि खर्च होतोय दुसरीकडे, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

पाइपवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे टोकियो. त्या शहराच्या उत्तरेला कासुकाबे इथे जमिनीखाली ६.३ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्याच्या टोकाला १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद अशी टाकी, आत ५९ अजस्र खांब, फोटो बघितला की देऊळच वाटतं. तो फोटो प्रत्येक वादात कुणीतरी टाकतंच. काम अप्रतिम आहे, वादच नाही. पण तो बोगदा रस्त्यावरचं पाणी ओढण्यासाठी नाही, आसपासच्या छोट्या नद्या फुगल्या की त्यांचं जास्तीचं पाणी घेऊन मोठ्या एदो नदीत सोडण्यासाठी आहे. आणि त्याच जपानमधली दुसरी जागा, जिचा फोटो कुणी टाकत नाही कारण तो दिसायला साधा आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

योकोहामात त्सुरुमी नदीच्या कडेला एक मोठं सखल मैदान मुद्दाम राखून ठेवलंय, त्यात बागा, खेळाची मैदानं आणि एक प्रचंड स्टेडियम. स्टेडियम खांबांवर उभं आहे. नदीच्या बांधाचा एक भाग जाणूनबुजून बाकीच्यापेक्षा कमी उंचीचा ठेवलाय, म्हणजे नदी एका पातळीच्या वर गेली की पाणी आपोआप त्या मैदानात उतरतं, कुणी बटण दाबायची, साहेबांच्या सहीची वाट बघायची गरज नाही. ३९ लाख घनमीटर पाणी मावेल एवढी ती जागा. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा तिथे नऊ लाख घनमीटरहून जास्त पाणी शिरलं, स्टेडियमच्या खालचा सगळा भाग पाण्यात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच स्टेडियममध्ये रग्बी विश्वचषकाची जपान विरुद्ध स्कॉटलंड मॅच झाली. आता सांगा, तिथे पूर आला की नाही? आला. पण कुठे यायचा ते आधी ठरलेलं होतं. मी जे म्हणतोय ते एवढंच.

आता झाडवाल्यांकडे वळू. कारण शोधण्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. डांबर, काँक्रीट आणि छतावर पडलेल्या पावसातला बहुतेक सगळा लगेच वाहायला लागतो, माती-गवतावर त्याचा बराच कमी भाग वाहतो आणि तोही उशिरा. एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच कोटी लिटर. त्यातलं किती वाहणार आणि किती मुरणार, आणि मुख्य म्हणजे सगळं एकाच अर्ध्या तासात नाल्यावर चालून येणार की तीन-चार तासांत थोडं थोडं येणार, हे जमिनीवर आपण काय अंथरलंय त्यावर ठरतं. वर्षभरातले बहुतेक पाऊस लहान-मध्यम असतात, ते झाडाखालच्या खोलगट वाफ्यात, शोषखड्ड्यात, सच्छिद्र फरशीत सहज जिरतात, भूजल वाढतं, रस्त्यावरचं तेल-घाण नदीत जात नाही, उन्हाळ्यात गल्ली थोडी थंड राहते. हे सगळं खरं आहे आणि पाइप यातलं एकही काम करत नाही.

पण मोठ्या पावसाचं काय? चीनने २०१५ पासून स्पंज सिटीचे अधिकृत प्रयोग सुरू केले, पावसाचं ७० टक्के पाणी जागच्या जागी मुरवायचं-वापरायचं असं मोठं लक्ष्य ठेवलं. चंगचौ (झेंगझोऊ) शहरातही या नावाखाली बरंच काम झालं होतं. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला, मेट्रोच्या बोगद्यात पाणी शिरलं, गाडीत अडकलेली १४ माणसं गेली. स्पंज फेल गेला अशी बोंब झाली, आणि मला ती अन्यायाची वाटते, कारण असल्या पावसासाठी तो बनवलेलाच नव्हता. ७० टक्के हे वर्षभराच्या पावसाचं मोजमाप, एका भयंकर तासाचं नाही. चूक स्पंजची नव्हतीच, स्पंज आहे म्हणजे आता पुराची काळजी नको असं लोकांना वाटू देण्यात होती. चिकणमाती असेल तर तासाला काही मिलिमीटरच पाणी मुरतं, आणि सलग तिसऱ्या दिवशी पाऊस चालू असेल तर कुठलीही माती गच्च भरलेली असते, तेव्हा बाग आणि डांबर यात फारसा फरक उरत नाही. सच्छिद्र फरशी तर दोन-तीन पावसाळ्यांत बारीक गाळाने बुजते, नियमित सक्शन मशीनने साफ केली तरच चालते, आणि उद्घाटनाच्या दिवसानंतर ती साफ करायला कोण फिरकतं?

इथेच एक गैरसमज फार पसरलाय, त्याच्यावर जरा जास्त बोलतो. रेन वॉटर हार्वेस्टिंग केलं की पूर थांबेल, असं सर्रास लिहिलं जातं. छतावरचं पाणी साठवणं उत्तम आहे, चेन्नईने २००३ च्या सुमारास ते सगळ्या इमारतींना सक्तीचं केलं तेव्हा विहिरींना पाणी वाढलं. पण २०१५ मध्ये तेच चेन्नई बुडालं आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तेच चेन्नई टँकरवर आलं. कारण टंचाईसाठी ठेवलेली टाकी भरलेली हवी असते आणि पुरासाठी ठेवलेली टाकी रिकामी हवी असते. एकच टाकी एकाच वेळी दोन्ही कशी असेल? शंभर चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. तुमची पाच हजारांची टाकी महिन्याभरापूर्वीच भरलीय, तुम्ही खूश आहात, पण त्या दिवशी सगळेच्या सगळे दहा हजार लिटर पन्हाळीतून थेट रस्त्यावर. दोन्ही कामं करायची असतील तर टाकीचा वरचा भाग कायम मोकळा ठेवावा लागतो, एका बारीक छिद्रातून तो हळूहळू रिकामा होत राहतो, म्हणजे पुढच्या सरीसाठी जागा तयार. खालचा भाग वापरायला. इतकी साधी गोष्ट, पण नियमात फक्त "टाकी बांधा" असतं, ती कशी चालवायची ते नसतं.

मग करायचं काय, तर पाइप हवेत, स्पंजही हवा, आणि दोन्ही भरल्यानंतरचा तिसरा रस्ता हवा. रस्ता म्हणजे इथे खरोखरचा रस्ता. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तळघरं भरली, हॉस्पिटलांपर्यंत पाणी गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा मंजूर केला, त्यात एक वाक्य असं आहे जे मला प्रत्येक शहराच्या आराखड्यात हवंय: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको. पाणी अजिबात नको असं त्यांनी म्हटलेलंच नाही! दहा सेंटिमीटर चालेल म्हटल्यावर इंजिनिअरला काम सोपं होतं, तो काही रस्ते मध्ये खोलगट करतो, पाणी कडेच्या दारांकडे न जाता मधून वाहतं आणि ठरलेल्या बागेत जाऊन पडतं. तिथली एंगहावे बाग अशीच बदलली, खेळायचं मैदान आधी भरतं, मग हळूहळू सगळी बाग, भोवती बुटकी भिंत, वीस हजार घनमीटरहून जास्त पाणी मावतं. आणि पाइपवाल्यांनी नाराज होऊ नये, त्याच आराखड्यात बोगदेही आहेत.

उलट आपल्याला सवय कशाची, तर दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर. जुना थर खरवडून काढायला वेळ लागतो म्हणून तो तसाच ठेवायचा, वर पाच सेंटिमीटर चढवायचे. चार वेळा असं झालं की रस्ता वीतभर वर, फुटपाथ आणि रस्ता एका लेव्हलला, आणि गल्लीतल्या जुन्या घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली. जो रस्ता पाणी वाहून नेऊ शकला असता तोच आता पाणी घरात ढकलतो. मग नवीन इमारत येते ती आपली जमीन भराव टाकून आणखी उंच करते, तिच्या गेटवर उतार, तिचं पाणी शेजाऱ्याकडे. हे सगळं कायदेशीर असतं बरं का, प्रत्येकाने स्वतःपुरतं बरोबरच केलेलं असतं. कुठलाही बोगदा याच्यावर उपाय नाही, इथे डांबर खरवडायचं मशीन आणि लेव्हल तपासणारा माणूस पुरतो.

आक्षेप येतील ते माहीत आहेत. बागेत पाणी साचवलं तर डास होतील. नाही होणार, डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो आणि असली बाग एक-दोन दिवसांत रिकामी व्हायलाच हवी, नाही झाली तर देखभाल बोंबललीय असं समजा. मुलं बुडतील हा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून उतार मंद, खोली कमी आणि बाहेर पडायच्या वाटा सगळ्या बाजूंनी. सगळ्यात जड आक्षेप जागेचा. शहरातली जमीन सोन्याच्या भावाची, ती वर्षातल्या दोन दिवसांसाठी राखून ठेवायची? पण राखून रिकामी कुणी ठेवायला सांगतंय का? योकोहामात तिथे मॅच होतात, रॉटरडॅममध्ये २०१३ साली झालेल्या बेंटेमप्लाइनच्या चौकात एरवी बास्केटबॉल खेळतात आणि पावसात तोच खड्डा तळं होतो. शाळेचं मैदान, पार्किंग, आठवडी बाजाराची जागा, हे सगळं दोन फूट खाली घेतलं तर ३६० दिवस जे काम चालतं ते तसंच चालतं. सिंगापूरने तर २०१४ पासून ०.२ हेक्टर आणि त्याहून मोठ्या नव्या बांधकामांना आपल्या प्लॉटवरचं पाणी आधी प्लॉटमध्येच थोपवून मग हळू सोडायची सक्ती केली, म्हणजे जागा फक्त सरकारने द्यायची असंही नाही. आणि जर्मनीत बऱ्याच शहरांत पावसाच्या पाण्याचं बिल वेगळं येतं, तुमच्या प्लॉटवर किती चौरस मीटर फरशी-छत आहे त्यावर. अंगण उघडं ठेवलं तर बिल कमी. भाषणांपेक्षा हे जास्त चालतं असं माझं मत.

राहिला नकाशाचा मुद्दा. कुठे किती पाणी साचणार याचा नकाशा जाहीर करा म्हटलं की घरांच्या किमती पडतील अशी ओरड होते. पडतील थोड्या, नाकारत नाही. पण ती जागा पाण्यात जाते हे नकाशा छापायच्या आधीही खरंच होतं, फक्त विकणाऱ्याला माहीत होतं आणि घेणाऱ्याला नव्हतं. मात्र नकाशा छापला की झालं असं मानणाऱ्यांनी न्यूयॉर्ककडे परत बघावं. तिथल्या महापालिकेने जोराच्या पावसात कुठे पाणी साचेल याचे नकाशे मे २०२१ मध्ये, म्हणजे आयडाच्या तीन-चार महिने आधीच जाहीर केले होते. त्या रात्री शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळघरातल्या घरांत. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, एका तासात १४१.५ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हाही अर्ध्या जमिनीखालच्या खोल्यांमध्ये लोक अडकून मेले. न्यूयॉर्कची ती तळघरं बहुतेक बेकायदा भाड्याने दिलेली, म्हणजे महापालिकेच्या कागदावर तिथे कुणी राहतच नव्हतं, मग इशारा पाठवायचा कुणाला आणि आधी हलवायचं कुणाला? भाडेकरू तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर घर जातं. मालक नोंद करत नाही, कारण केली तर दंड होतो. त्यामुळे नकाशाच्या खर्चातला काही भाग या तळघरांत राहणाऱ्यांची दंडाशिवाय, घराबाहेर न काढता नोंद करण्यावर गेला पाहिजे, आणि ते काम ड्रेनेज खात्याकडे दिलं तर होणार नाही, कारण त्यांच्या यादीत पाइप असतात, भाडेकरू नसतात.